येताना थांबू

आश्लेषा: आई, इंडिकेटर का देतेयस?

आई: पाटी आली ना. हळू गाड्यांनी टर्नआउटमध्ये जावं. मी हळू गाडी आहे.

आश्लेषा: पण तू आत्ताच थांबली होतीस. मागच्या टर्नआउटला.

आई: तेव्हा मागे तो लाकडाचा ट्रक होता. आता लाल गाडी आहे. ट्रकला वाट द्यायची आणि लाल गाडीला नाही, हा कुठला न्याय?

आश्लेषा: त्यात थांबायचं नसतं! बाजूला व्हायचं, हळूहळू पुढे जात राहायचं, मागचे पास झाले की परत लेनमध्ये यायचं. आणि तू तर... आई, तू इंजिन बंद केलंस?

आई: केलं. हँडब्रेकपण ओढला. उतार आहे.

आश्लेषा: ओ गॉड.

आई: मला वाटलं, आपल्यासारख्यांची सोय केलीय. बिचाऱ्या बायका पन्नाशीनंतर गाडी शिकतात, घाट चढताना हाताला घाम सुटतो, त्यांना जरा दम खाऊ द्यावा. म्हणून एवढी रुंद जागा, खडी, कडेला झाडं. म्हटलं, काय मायाळू देश आहे! इतकी वर्षं राहिले, मला कुणी बोललं नाही.

आश्लेषा: ते मागच्यांसाठी असतं. त्यांचा वेळ जाऊ नये म्हणून.

आई: असेना. त्यांना त्यांचा वेळ मिळाला, आपल्याला आपला. हात ठणकतोय का गं?

आश्लेषा: नाही. प्लॅस्टरच्या आत खाज येतेय फक्त.

आई: विणायची सुई आणायला हवी होती. शिडीवरून पडायचं, आणि तेही रिबन बांधताना! कांचनमावशीला मी काय सांगितलंय माहितेय? टेनिस खेळताना पडली.

आश्लेषा: मी टेनिस खेळत नाही.

आई: तिला कुठे माहितेय? माझी मुलगी डोंगरावर बांबू पुरून त्यांना गुलाबी रिबनी बांधत होती, असं सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत बेलव्ह्यूपासून प्लेनोपर्यंत सगळ्या मराठी घरांत बातमी झाली असती. राजेशरावांच्या पोरीला काहीतरी बाधा झालीय म्हणून.

आश्लेषा: स्टोरी पोल्स म्हणतात त्यांना. बिल्डिंग कुठे येणार, केवढी उंच होणार, ते आधी काठ्या लावून दाखवायचं. वॉल्टरनेच मागितलं होतं.

आई: वॉल्टर म्हणजे ते रस्त्याच्या कमिटीचे अध्यक्ष.

आश्लेषा: हो. अकराला वर व्ह्यूपॉइंटला येणार. रस्त्यावरून गाडी इकडून तिकडे नेऊन बघणार, तिथे प्रवाशांना बसायला मी काढलेल्या शेल्टरचं छप्पर डोंगराच्या आड येतं का. त्यांचं म्हणणं, हा सीनिक रोड आहे, डोंगर चालत्या गाडीतून दिसला पाहिजे. मग हो किंवा नाही.

आई: आणि नाही म्हणाले तर?

आश्लेषा: तर शेल्टर कॅन्सल. तिथे खडी टाकतील, माहितीचा बोर्ड लावतील. आणि मला ऑफिसमध्ये परत हायवेच्या रेस्ट एरियांवर टाकतील. बाथरूम्स, बाथरूम्स, बाथरूम्स. आई, हे पहिलं आहे, जे पूर्ण माझं आहे. ज्यात एकही नळ नाही.

आई: वाईट काय आहे नळात? प्रवासात बाईमाणसाला देवळापेक्षा संडास आधी आठवतो.

आश्लेषा: मग गणपतीत सगळ्यांना का सांगत होतीस, मुलगी पूल बांधते?

आई: समोर आरतीचं ताट, हातात कापूर. तिथे संडास कसं म्हणू? बरं, गेली बाई लाल गाडी. निघते.

(गाडी पुन्हा चढाला लागते. वरून ढग उतरत येतो.)

आई: अगंबाई. पुढचं दिसेनासं झालं.

आश्लेषा: ढगात शिरलो आपण. लाइट लाव. नाही, ते वायपर. दुसरं. हं.

आई: सायीत गाडी घातल्यासारखं वाटतंय. झाडं बघ, अर्धी अर्धीच आहेत. खोड नाही, नुसते शेंडे. कुणीतरी वरून टांगून ठेवल्यासारखे.

आश्लेषा: तू रस्त्याकडे बघ, प्लीज.

आई: रस्तापण अर्धाच आहे. पिवळ्या रेघेचा जेवढा तुकडा दिसतो तेवढा माझा, पुढचा पुढे बघू.

आश्लेषा: संपलं. वर काहीच दिसणार नाही. पोल्स नाहीत, डोंगर नाही. वॉल्टर म्हणणार, आपण कशावरून भांडतोय नक्की?

आई: तुला सांगू, मला असंच स्वप्न पडतं. मी चालवत असते, असंच सगळं पांढरं असतं. स्वप्नात मला फार छान येते गाडी. पाय ब्रेकपर्यंत पोचत नाहीत, पण मनात आणलं की थांबते. आणि तुझे बाबा मागच्या सीटवर असतात.

आश्लेषा: मागच्या? बाबा?

आई: हो ना. जिवंतपणी कधी स्टिअरिंग सोडलं नाही माणसाने. मला इंडियन स्टोअरपर्यंतसुद्धा चालवू दिली नाही. स्वप्नात मात्र मागे बसतात, गुपचूप. मांडीवर तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा. मी आरशात बघून विचारते, थांबू का जरा? तर म्हणतात...

आश्लेषा: येताना थांबू.

आई: येताना थांबू! माणूस गेला, सवय गेली नाही.

आश्लेषा: कुठेच थांबलो नाही आपण. एवढ्या ट्रिप्स केल्या. पहाटे पहाटे उठवायचे, मला ब्लँकेटसकट उचलून गाडीत ठेवायचे. आपला अल्बम बघ ना. सगळे फोटो पेट्रोल पंपावरचे आहेत. मी आणि पंप. तू आणि पंप. आपण दोघी आणि एक बर्फाची पेटी.

आई: उजेड छान असायचा तिथे.

आश्लेषा: लहानपणी मला वाटायचं, व्ह्यू म्हणजे खिडकीतून मागे जाणारी गोष्ट. समोर कधी नसतोच तो.

आई: मी तर तेवढंही बघितलं नाही. मी आपली मान खाली घालून संत्रं सोलायची, नाहीतर नकाशाची घडी घालायची. इथल्या नकाशांची घडी पुन्हा तशीच घालून दाखवणाऱ्याला खरं तर बक्षीस द्यायला हवं... हे बघ, आली पाटी.

आश्लेषा: आई, मागे कोणीही नाहीये!

आई: ढग आहे ना. मघापासून मागे लागलाय. त्याला जाऊ दे पुढे.

आश्लेषा: आपल्याला उशीर होतोय.

आई: अजून चिक्कार वेळ आहे. आणि वर जाऊन काय करायचंय? तूच म्हणालीस, दिसणार नाही काही. चहा घेऊ. ओढला हँडब्रेक.

आश्लेषा: किती शांत आहे.

आई: इंजिन बंद केलं की असंच असतं.

आश्लेषा: कसला आवाज आहे तो?

आई: पाणी आहे कुठेतरी. बस तू, हात सांभाळ. मी कप विसळून येते, सकाळची साखर चिकटलीय त्याला.

आश्लेषा: लांब जाऊ नकोस. आई? आई, दिसत नाहीयेस तू!

आई: इथेच आहे! आशू, ये गं इकडे. जपून ये, ओलं आहे. ही बघ डोणी.

आश्लेषा: काय?

आई: दगडी डोणी. सासवडला आमच्याकडे होती अशी, गुरांना पाणी प्यायला. शेवाळ किती धरलंय बघ. पण पाणी वाहतंय अजून, मागच्या कातळातून येतंय. कोण आणत असेल इथे गुरं?

आश्लेषा: गुरं नाही. गाड्या.

आई: गाड्या पाणी पितात?

आश्लेषा: आधीच्या पीत होत्या. चढावर तापायच्या, रेडिएटर उकळायचा. मग अशा ठिकाणी थांबायचं, पाणी घालायचं, गार होईपर्यंत बसायचं. आई, हा तीसच्या दशकातला दगड आहे. मंदीत सरकारने कामाला लावलेल्या मुलांनी असे घाट बांधले. छिन्नीच्या खुणा बघ. वरच्या कठड्यालासुद्धा हाच दगड आहे. मी ते सगळं ड्रॉइंगमध्ये घेतलंय आणि हे... हे मी पाहिलंच नाही. किती वेळा गेले असेन इथून.

आई: कशी बघणार? तू सुसाट जातेस.

आश्लेषा: हो. मी पण.

आई: म्हणजे मी म्हणत होते ते खरंच निघालं. दमलेल्यांची जागा आहे ही. ती पाटी नंतर कुणीतरी लावली असणार, घाईतल्या माणसाने.

आश्लेषा: हळू बोल. बघ, खाली.

आई: काय? अगंबाई.

आश्लेषा: तळं.

आई: एवढंसंच. ताटलीएवढं. कोण उचलतंय ते धुकं, कडेकडेने? हिरवं आहे का निळं? मला ठरवता येईना.

आश्लेषा: गेलं.

आई: येईल परत. आपल्याला कुठे जायचंय?

आश्लेषा: वरून सगळं दिसतं, आई. हा आख्खा डोंगर, तळं, दोन्ही खोरी. माझ्या शेल्टरला एक लांब आडवी खिडकी आहे, मागच्या भिंतीत. बसलं की डोंगर बरोबर त्या चौकटीत येतो. मी त्या खिडकीची उंची किती वेळा बदलली असेल. उंच माणसाला, लहान मुलाला, व्हीलचेअरवर बसलेल्याला, सगळ्यांना दिसेल अशी.

आई: आणि गाडीत बसलेल्याला?

आश्लेषा: त्याच्या आड छप्पर येतं. तेच तर भांडण आहे.

आई: म्हणजे वर ज्याला नुसतं जाता जाता बघायचंय, त्याला सगळं फुकट दिसतं, आणि तुझं छप्पर मधे कडमडतं.

आश्लेषा: थँक यू, आई.

आई: अगं, मी तुझ्या बाजूने आहे. छप्पर मला आवडलंय. तो कागदाचा छोटा नमुना केलायस ना, तो मी फ्रीजवर ठेवलाय. इथून मात्र चालत्या गाडीतून काय दिसतं?

आश्लेषा: इथून? काही नाही. झाडं आहेत. आणि ही जागा रस्त्यापेक्षा खाली आहे, मागे कातळ... छप्पर इथे कोणाच्याच आड नाही येणार. रस्त्यावरून कळणारपण नाही. थांबलं तरच...

आई: थांबलं तरच काय?

आश्लेषा: काही नाही.

आई: बोल की.

आश्लेषा: नको. इथून डोंगर दिसत नाही, आई. मला वरचंच हवंय.

आई: चहा घे. गार होईल. वरचंच का?

आश्लेषा: तुला आठवत नाही?

आई: काय?

आश्लेषा: मी दुसरीत होते. ह्याच रस्त्याने गेलो होतो आपण, त्या तपकिरी गाडीतून. मी व्ह्यूपॉइंटची पाटी मोठ्याने वाचली. एवढा लांब शब्द पहिल्यांदा वाचला होता, म्हणून तू टाळ्या वाजवल्यास. मी म्हटलं, थांबूया. बाबा म्हणाले, येताना थांबू. येताना मी झोपायचंच नाही असं ठरवलं होतं. डोळे ताणून बसले होते. आणि येताना काळोख होता. पाटीसुद्धा दिसली नाही. मी विचारलंपण नाही मग.

आई: आठवतंय.

आश्लेषा: हे काम ऑफिसमध्ये आलं तेव्हा मी मागून घेतलं. बाकी कुणाला नकोच होतं. मला तिथे असं काहीतरी बांधायचं होतं, की बाबांना थांबावंच लागलं असतं. कितीही घाई असली तरी.

आई: ते थांबलेच नसते, बाळा. सोन्याचं छप्पर घातलं असतंस तरी.

आश्लेषा: का? एवढी कसली घाई होती त्यांना?

आई: घाई नव्हती. भीती होती.

आश्लेषा: बाबांना?

आई: त्या तपकिरी गाडीची. आपण घेतली तेव्हाच ती दमलेली होती. उभी केली की तापायची, आणि तापल्यावर बंद केली की चालू होईल याचा नेम नाही. चालत राहिली, वारा लागला, की बरी असायची. म्हणून थांबायचं ते फक्त मेकॅनिक असेल तिथे.

आश्लेषा: पेट्रोल पंपावर.

आई: पंपावर. ते आपल्याला उभं करून फोटो काढायचे, आणि मागे तो मेकॅनिक बॉनेटमध्ये डोकं घालून. तो फोटोत येणार नाही इतकंच बघायचे.

आश्लेषा: मला का नाही सांगितलं?

आई: तू वर्गात सांगून आली होतीस, माझे बाबा विमानं बनवतात. विमानं बनवणाऱ्याची गाडी घाटात बंद पडते, हे कुठल्या तोंडाने सांगणार? डोंगरात, परक्या मुलखात, बायको आणि पोर गाडीत. तेव्हा हातात फोन नव्हते. घाबरट बापापेक्षा घाईचा बाप बरा, असं ठरवलं असेल त्यांनी मनाशी. मला कधी बोलले नाहीत. फक्त चढ आला की रेडिओ बंद करायचे. इंजिन ऐकायला.

आश्लेषा: हो. रेडिओ बंद करायचे! मला वाटायचं मी ओरडते म्हणून.

आई: ओरडायचीस तूपण.

आश्लेषा: पण नंतर नवी गाडी आली की. ती निळी. ती तर मस्त होती.

आई: तोवर सवय लागली होती. आणि तू कानात वायरी घालून बसायला लागलीस. थांबूया का म्हणून विचारणारं कुणी उरलंच नाही गाडीत.

आश्लेषा: तू विचारायचं होतंस.

आई: मी संत्रं सोलत होते.

(आश्लेषा बाहीने नाक पुसते.)

आई: रडू नकोस. हातरुमाल गाडीत आहे आणि माझे हात ओले आहेत.

आश्लेषा: रडत नाहीये. धुकं आहे.

आई: हो का? मग माझंही तेच असेल.

आश्लेषा: आई, हे पाणी तेव्हाही इथेच होतं.

आई: असणारच.

आश्लेषा: म्हणजे त्यांना माहीत असतं तर... इथे छप्पर असतं, एखादी पाटी असती, की इथे पाणी आहे, गाडी गार करा, बसा...

आई: तर थांबले असते. डोंगर दिसो न दिसो. पहिल्यांदा पळत जाऊन बॉनेट उघडलं असतं, मग शिट्टी वाजवली असती. ते खूश झाले की शिट्टी वाजवायचे, आठवतं ना? आणि तुला उचलून ह्या डोणीच्या काठावर उभं केलं असतं.

आश्लेषा: आणि इथून काय दाखवलं असतं मला? काही दिसत नाही इथून.

आई: मग हे काय? अगं, तळं आलंय परत. मघापेक्षा मोठं.

आश्लेषा: आणि ती रेघ काय आहे मधे?

आई: बदक असेल. किंवा नाव. किंवा नुसतीच रेघ. थांब, कळेल.

आश्लेषा: खिडकी नकोच इथे. भिंतच नको समोर. नुसतं छप्पर, पाठीला कातळ, आणि बाक ह्या बाजूला, डोणीकडे तोंड करून. बसणाऱ्याला आधी पाणी दिसेल. मग, थांबला तर, बाकीचं.

आई: बाकाला पाठ दे हं. माझी कंबर दुखते.

आश्लेषा: देते.

आई: आणि माझ्या मते एक...

आश्लेषा: आई, संडास नाही.

आई: मी खुंटी म्हणणार होते. पिशवी अडकवायला.

आश्लेषा: कोणीतरी येतंय. दिवे दिसतायत खाली.

आई: हळू येतंय बाई फार. मागे केवढी रांग लागलीय! माझ्यापेक्षा हळू असलेलं माणूस मी आज पहिल्यांदा बघतेय.

आश्लेषा: आई, तो वॉल्टरचा पिकअप आहे.

आई: हे? केवढे म्हातारे आहेत!

आश्लेषा: ऐंशीच्या घरात असतील. ते आता सरळ वर जाणार. चल, आपण पण...

आई: थांब गं. इंडिकेटर दिला त्यांनी.

आश्लेषा: वळतायत. इथेच वळतायत.

आई: पाटी वाचतात म्हणजे. सज्जन माणूस दिसतो. बघ, मागच्या सगळ्या गाड्या गेल्या भुर्रकन. आणि ते थांबले.

आश्लेषा: त्यांना वाटेल आपली गाडी बंद पडलीय.

आई: वाटू दे. काय सांगणार आहेस त्यांना?

आश्लेषा: माहीत नाही. आधी डोणी दाखवते. मग बघू, ते किती वेळ उभे राहतात.

आई: आणि वरचे बांबू? हात मोडून लावलेत ते.

आश्लेषा: काढेन नंतर. प्लॅस्टर निघालं की.

आई: शिडी मी धरीन ह्या वेळी. थर्मासमध्ये चहा आहे अजून, पण कप दोनच आहेत. त्यांना झाकणात देते, चालेल ना? तू गारठलीयस बघ, ओठ निळे पडलेत. गाडी चालू करून हीटर लावू का जरा?

आश्लेषा: नको. बंदच राहू दे.